चार लाख गोणी

१

गुरुवारी सकाळी अकरा वीसला मिठाचा भाव बारा होन होता. अकरा चाळीसला तो दीडवर आला.

उज्वला शेडगे पडद्यावरचे आकडे बघत होती आणि तिचा विश्वास बसत नव्हता. महाप्याच्या त्या गेम कंपनीत बाजारावर नजर ठेवणं हेच तिचं काम. कंपनीचा ‘दर्यापार’ हा ऑनलाइन खेळ रोज दीड लाख लोक खेळायचे. त्यात गलबतं होती, बेटं होती, वादळं होती. पण माल कंपनी देत नव्हती. लाकूड तोडायचं खेळाडूंनी, दोर वळायचे खेळाडूंनी, मीठ पिकवायचं तेही त्यांनीच. मग ते एकमेकांना विकायचं. भावही त्यांनीच ठरवायचा, होन या खेळातल्या नाण्यात. कंपनीनं फक्त समुद्र आणि नियम दिले होते. बाकीचा बाजार माणसांनी उभा केलाय, म्हणून तो खराच बाजार आहे, असं उज्वला चार वर्षं सांगत होती. ऑफिसात कोणी ते मनावर घेत नव्हतं.

वीस मिनिटांत चार लाख गोणी मीठ बाजारात ओतलं गेलं होतं. सगळं एकाच खात्यातून. खात्याचं नाव ‘नामदेव कोठारवाले’.

हे खातं म्हणजे बंदरातली बँक होती. सहाशे चाळीस खेळाडू आपलं मीठ नामदेवच्या कोठारात ठेवायचे आणि तो चिठ्ठी द्यायचा, अमुक गोणी जमा. पुढं पुढं लोक मीठ काढायचेच नाहीत, ती चिठ्ठीच एकमेकांना द्यायचे. चिठ्ठी देऊन दोर घ्यायचा, चिठ्ठ्या देऊन गलबत घ्यायचं. असं करा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. नामदेवचा शब्द तीन वर्षांत एकदाही खाली पडला नव्हता, एवढ्यावरच ते चाललं होतं.

आता कोठार रिकामं होतं आणि चिठ्ठ्यांची रद्दी झाली होती. ज्यांच्या हातात थोडंफार मीठ होतं ते मिळेल त्या भावानं विकून मोकळे होत होते.

“म्हाताऱ्यानं काहीतरी लफडं करून खोटं मीठ बनवलं आणि विकलं,” कंपनीचा प्रमुख कुंदन तिच्या खुर्चीमागं उभा राहून म्हणाला. “खातं बंद. कायमचं.”

“सर, तपासू तर द्या. प्रत्येक गोणीची नोंद असते.”

“सोमवारी बारा वाजता नवा भाग येतोय. त्याआधी मला हा ड्रामा नकोय.”

दहा मिनिटांत खेळाच्या फळ्यावर सूचना लागली: नामदेव कोठारवाले यांना फसवणुकीबद्दल कायमचं बाद करण्यात आलं आहे.

उज्वलानं तरीही नोंदी तपासल्या. जेवणाची सुट्टी त्यात गेली. एकही गोणी खोटी नव्हती. तीन लाख दहा हजार गोणी लोकांच्या, नव्वद हजार नामदेवच्या स्वतःच्या. तिनं कुंदनला जाऊन सांगितलं.

“मग चोर म्हणून बाद,” तो मान वर न करता म्हणाला. “रिझल्ट सेम.”

ती चरफडत जागेवर आली आणि बंद केलेलं खातं पुन्हा उघडून बसली. मालकाचं वय सदुसष्ट. पत्ता द्रोणागिरीजवळच्या एका गावाचा. आणि विक्रीतून आलेले सगळे होन खात्यात जसेच्या तसे पडून होते.

चोरानं अख्खं कोठार विकलं आणि पैसे तिथंच टाकून गेला?

२

शुक्रवारी सकाळी ती रिक्षानं द्रोणागिरीला गेली. गोदामांच्या रांगा, कंटेनरचे ट्रेलर, आणि त्यांच्या मागं गाव. नामदेव ठाकूर यांचं घर तीन मजली होतं. खालचे दोन गाळे ट्रान्सपोर्टवाल्यांना भाड्यानं दिलेले. वरच्या ओटीवर बनियन घातलेले नामदेव हातात फोन घेऊन बसले होते. फोनवर ती सूचना होती, कायमचं बाद.

“हापिसातून आलाव?” त्यांनी विचारलं. “आता काय रायलाय?”

“काका, मी सूचना लावली नाही. मला खरं काय ते शोधायचंय.”

“आधी शिक्षा, मंग शोध. बेस हाय.” त्यांनी फोन बाजूला टाकला. “बाय, मी पंधरा वर्सांचा व्हतो तवापासून मिठागरावं काम केला. बापाचा मिठागर व्हता. तो गेला, हिथं शहर आला. माझा मिठागर गेला तवा निदान नोटीस तरी आली व्हती. तुमी तर दार बी वाजवला नाय.”

तिनं वही काढली.

“काल सकाळी साडेअकराला कुठं होतात?”

“उरनला. मासली घ्याया. ही व्हती संगती.” त्यांनी दाराकडं मान केली. त्यांची बायको मालतीबाई पदराला हात पुसत उभी होती.

“तुमच्या खात्यात काल दुसऱ्याच एका फोनवरून कोणीतरी शिरलं. त्या फोनला परवानगी मंगळवारी दुपारी बारा दहाला मिळाली. तशी परवानगी द्यायची तर तुमच्या फोनवर कोड येतो. तो तुम्ही कोणाला दिलात?”

“कोनाला नाय.”

“काका, कोड तुमच्याच फोनवर आला होता.”

“नाय म्हनला ना!”

“बरं, मंगळवारी घरी बाहेरचं कोणी आलं होतं?”

“बाहेरचा कोन नाय आला.”

मालतीबाईंनी तोंड उघडलं. “अवो, पन...”

“तू गप. चा बी टाकू नको. यांचा हापीस मना चोर म्हनतंय.”

नामदेव उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. उज्वला जिना उतरू लागली तेव्हा मालतीबाई अर्ध्या जिन्यापर्यंत मागं आल्या. “बाय, राग मानू नका. कालपासना जेवले नाय ते. लोक काय काय शिव्या लिवतान त्या वाचीत बसतान.”

रिक्षात बसल्यावर उज्वलाचं डोकं भणभणत होतं. माणूस खोटं बोलत नाही, असं तिला वाटत होतं. पण नोंद सांगत होती की कोड त्याच्याच फोनवर आला आणि तिथूनच वापरला गेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

३

उज्वलाचे वडील, भैरू शेडगे, साताऱ्याहून येऊन तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. आता कोपरखैरण्याच्या घरी बसून बातम्यांवर चिडणं एवढंच काम उरलं होतं. शनिवारी सकाळी मुलगी चहाचा कप तसाच ठेवून भिंतीकडं बघतेय हे बघून त्यांनी टीव्ही बंद केला.

“काय झालं?”

तिनं सगळं सांगितलं. खेळातलं मीठ म्हटल्यावर ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“माल इकला कुनी ते बगत बसलीयास तू,” ते म्हणाले. “आमच्यात एकदा असंच झालं. एका गाळ्यावरनं एकदम कांदा सुटला. भाव पडला म्हणून समद्यांनी बोंब मारली, त्या गाळेवाल्याला शिव्या घातल्या. त्यो बिचारा बुडाला. आन पडल्या भावात कांदा उचलला कुनी, ते कुनी इचारलंच न्हाई. पाठीवर गोण्या आमी वाहिल्या, म्हणून आमाला ठाऊक.”

“कोणी उचलला?”

“ज्याला पुढच्या आठवड्याचं आधीच कळलं हुतं, त्यानं.”

उज्वलानं चहा तसाच टाकला आणि लॅपटॉप उघडला.

वडिलांचं बरोबर होतं. विकणाऱ्याचे पैसे पडूनच होते, म्हणजे चोराला पैसे नकोच होते. त्याला मीठ हवं होतं, तेही स्वस्तात. कोठारातून सरळ स्वतःच्या खात्यात घेतलं असतं तर तासाभरात सापडला असता. म्हणून त्यानं ते बाजारात ओतलं, भाव पाडला आणि गर्दीतलं एक गिऱ्हाईक होऊन विकत घेतलं.

तिनं खरेदीची यादी लावली. शेकडो नावं. पण त्यांतली साठ खाती महिन्याभरातच उघडलेली होती, आणि त्या साठांनी मिळून तीन लाख वीस हजार गोण्या घेतल्या होत्या. खात्यांवर नावं खोटी, पत्ते खोटे. कोण चालवतं ते यावरून कळत नव्हतं.

आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. गुरुवारी बंदरात प्रत्येक मालाचा भाव पडला होता. फक्त एकाचा चढला होता, कोकमाचा. दोनवरून पाच. खेळात कोकमाला कुत्रं विचारत नसे. त्याचं सरबत करून खलाशांना पाजता यायचं, बस्स. आणि हे कोकम त्याच साठ खात्यांनी मीठ घेतल्यावर लगेच विकत घेतलं होतं.

मीठ आणि कोकम. या दोन्हींचं एकत्र कोणी काय करणार?

सोमवारच्या नव्या भागामुळं शनिवारीही ऑफिस चालू होतं. नव्या भागात काय आहे ते फक्त चौघांना माहीत होतं आणि त्यांत उज्वला नव्हती. तिनं खेळाची रचना करणाऱ्या सोनलला फोन लावला.

“सोनल, सोमवारच्या भागात कोकम आहे का?”

पलीकडं सोनलनं कुठलंसं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“तुला कोणी सांगितलं?” सोनलचा आवाज बदलला होता. “होतं. आता नाहीये.”

४

सोनल तिला ऑफिसच्या जिन्यात भेटली. तिच्या हातात पिवळ्या स्टिकरांचा गठ्ठा होता आणि ती वैतागलेली होती.

“ऐक. सोमवारपासून लांबच्या प्रवासाला खारवलेली मासळी लागणार. ती नसेल तर गलबत दहा दिवसांच्या पुढं जाणार नाही. म्हणजे मिठाला मागणीच मागणी. आधी मी ठरवलं होतं मासळी, मीठ आणि कोकम. पण कोकम एकाच बेटावर होतं. ते बेट ज्यांच्या हातात, ते सगळ्यांना लुटणार. म्हणून मंगळवारच्या मीटिंगमध्ये बदललं. कोकमाऐवजी हळद. हळद कुठंही पिकते.”

“मीटिंग किती वाजता होती?”

“साडेअकरा ते साडेबारा. आणि कुंदन सरांचा हुकूम, काहीही लिहायचं नाही, मेल करायचा नाही. बाहेर फुटतं म्हणून.”

उज्वलाच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. चोरानं गुरुवारी कोकम घेतलं. म्हणजे नव्या भागाची जुनी कृती त्याला माहीत होती आणि मंगळवारचा बदल माहीत नव्हता. “मंगळवारी कोण हजर नव्हतं?” तिनं विचारलं.

“मी होते, सर होते,” सोनल म्हणाली. “तेजस फोनवरून होता, बाहेर शूट होतं त्याचं. जागृती रजेवर होती. सासूचं ऑपरेशन.”

जागृती. खेळाडूंच्या तक्रारी बघणारी. कोणाचंही खातं उघडायची सोय तिच्याकडं होती.

आधी उज्वला कुंदनच्या केबिनमध्ये गेली. “सर, आतल्या कोणीतरी केलंय.”

“आतल्या म्हणजे? आमच्यापैकी?” कुंदन ताडकन उठला. “दोन वर्षांची मेहनत परवा बाहेर येतेय आणि तू मला हे सांगतेस?”

“सोमवारी बारा वाजता भाग सुरू झाला की ती साठ खाती मीठ चढ्या भावानं विकून टाकतील. मग ते हजार हातांत जाईल. परत आणता येणार नाही.”

“मग बारापर्यंत पुरावा आण. नाहीतर हा विषय बंद. आणि तुझं काय करायचं तेही मग बघू.”

बाहेर प्रसिद्धीचं काम बघणारा तेजस घरत माणसाएवढ्या उंच दोन पोस्टरांना आधार देत उभा होता. उरणकडचाच मुलगा, हसतमुख, ऑफिसात सगळ्यांचा लाडका.

“काय मॅडम, अजून मिठातच?” तो म्हणाला. “सोडा ना. म्हाताऱ्याला मोह झाला असंल.”

“मंगळवारच्या मीटिंगला होतास ना तू?”

“फोनवर होतो की पूर्ण वेळ. सीवूड्सला शूट चाललं होतं, पोरांचं. विचारा सरांना.”

कुंदननं दुजोरा दिला. तेजसचा फोन तासभर जोडलेला होता. उरली एकटी जागृती.

५

रजेवरून ऑफिसात परतलेल्या जागृतीला राग आवरेना.

“चार दिवस मी हॉस्पिटल आणि घर करतेय, आणि तू मला चोर ठरवायला आलीस?”

“मी ठरवत नाही, विचारतेय. मंगळवारचा बदल तुला कधी कळला?”

“मंगळवारीच! संध्याकाळी सोनलनं घरी फोन केला. मी मीटिंगला नव्हते, म्हणून तिनं मला वेगळं सांगितलं. नव्या भागाची मदतीची पानं मी लिहिते ना. हे बघ.” तिनं संगणक उज्वलाकडं वळवला. पानावर लिहिलं होतं: मासळी, मीठ, हळद. फाइलवर तारीख मंगळवारची, वेळ संध्याकाळी सात दहा. “मला गुरुवारी पाच होन देऊन कोकम घ्यायला वेड लागलंय का?”

नव्हतं लागलं. चौघांनाही मंगळवारीच बदल माहीत होता. सोनलनं तो स्वतः केला, कुंदन समोर होता, तेजस फोनवर होता, जागृतीला संध्याकाळी कळलं. मग गुरुवारी कोकम कोणी घेतलं? सगळा तर्कच चुकला होता. दोन दिवस फुकट गेले होते आणि परवा बारा वाजता सगळंच संपणार होतं.

ती तावातावानं बाहेर पडली आणि वाटेत सोनलला जवळजवळ धडकली. सोनल गुडघ्यावर बसून पोस्टरवर पिवळा स्टिकर चिकटवत होती. पोस्टरवर मासळीचं पिंप होतं, शेजारी मिठाची रास, आणि त्याच्या पुढं लालभडक ढीग. तो ती झाकत होती.

“बघ ना वैताग,” सोनल म्हणाली. “वीस पोस्टरं कोकमाची छापून आणलीत. आता एकेकावर हळद चिकटवा.”

उज्वला जागच्या जागी थांबली.

“छापायला कधी गेली?”

“बुधवारी संध्याकाळी. काल सकाळी आली तेव्हा मी बघितलं.”

“पोस्टर केलं कोणी?”

“तेजसनं. अजून कोण करणार?”

“सोनल, मंगळवारी जागृतीला तू फोन करून बदल सांगितलास. तेजसला सांगितलास?”

“त्याला कशाला? तो होता ना मीटिंगला.” बोलता बोलता सोनलचा हात स्टिकरवरच थांबला.

तो होता, असं सगळे धरून चालले होते. म्हणूनच त्याला वेगळं कोणी सांगितलं नाही. फोन तासभर जोडलेला होता. पण तो कानाशी नव्हता.

मग मंगळवारी दुपारी बारा दहाला तेजस काय करत होता? सीवूड्सला होता का? आणि तो उरणकडचा घरत, नामदेव ठाकूर द्रोणागिरीजवळचे. उज्वलाला नामदेवचं उत्तर पुन्हा ऐकू आलं. बाहेरचा कोन नाय आला.

तिनं विचारलं होतं ‘बाहेरचं कोणी’. प्रश्नच चुकीचा विचारला होता!

तिनं मालतीबाईंना फोन लावला. “मावशी, मंगळवारी तुमच्या नात्यातलं कोणी आलं होतं घरी?”

“आला व्हता की. तेजस. माझ्या मावसबहिनीचा नातू.” मालतीबाईंच्या आवाजात तीन दिवसांचं साचलेलं होतं. “मी तवाच सांगत व्हती, तर ह्यांनी गप केली. म्हनतान तो घरचा पोर, त्याचा नाव घ्याचा नाय. व्हिडिओ काढाया आला व्हता. म्हनला आजोबांचा खेल दाखवाचा हाय, फोन द्या, आनि तुमी दोघां गच्चीवं जाऊन उभी रावा, मिठागर कुठं व्हता ते हात करून दाखवा, मी येतोच. धा मिनटां उन्हात उभी व्हतो आमी. हापिसात सांगू नका म्हनला, सरप्राईज हाय.”

६

रविवार नामदेव काकांची समजूत घालण्यात गेला. सोमवारी साडेदहाला कुंदनच्या केबिनमध्ये पाच जणं होती. उज्वलानं उभ्या उभ्याच सगळं मांडलं: कोकम, मंगळवारची मीटिंग, पोस्टर, गच्ची. तेजस हात बांधून ऐकत होता.

“पोस्टर चुकलं म्हणजे मी चोर?” तो कुंदनकडं वळला. “सर, फोनवर आवाज तुटत होता. एक शब्द नाही ऐकू आला.”

“आवाज सीवूड्सला तुटत होता की द्रोणागिरीला?” उज्वलानं विचारलं.

“सीवूड्सला.”

“मग मालतीबाईंकडं बारा वाजता कोण होतं? त्या बाहेर रिसेप्शनला बसल्यात. नामदेव काकाही आलेत. बोलावू आत?”

तेजसनं दाराकडं बघितलं. इतका वेळ टिकवलेलं हसू गेलं. काचेपलीकडं लिफ्टजवळ खरंच पांढरी टोपी घातलेले नामदेव उभे होते.

“नको,” तो म्हणाला. “त्यांना नका आणू.”

त्यानं बॅगेतून एक जुना फोन काढून टेबलावर ठेवला. कुंदननं तो उचलला. साठही खाती त्यात होती.

“सर, तीन वर्षं मी हा खेळ विकतोय,” तेजस हळू आवाजात म्हणाला. “लोक आले ते माझ्या व्हिडिओंवर. पगारवाढीचं दर वर्षी तुम्ही सांगितलंत, पुढच्या वर्षी बघू. बाहेर खरे पैसे देऊन होन विकत घेणारे आहेत, माहीत आहे तुम्हाला. एकदाच करायचं होतं. आणि मी कोणाचं घेतलं काय? खोटंच मीठ ते. पडद्यावरचं.”

“खोटं?” उज्वलाचा आवाज चढला. “मिठाचा एक वाफा भरायला तीन दिवस लागतात. सहाशे चाळीस लोकांनी तीन वर्षं कामावरून येऊन, पोरांना झोपवून ते पिकवलंय. तो वेळ पण पडद्यावरचाच होता का? आणि ज्या म्हाताऱ्यानं तुला घरात घेतलं, त्याच्याच नावानं विकलंस!”

तेजसनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

कुंदननं घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. त्यानं साठ खाती बंद करायला सांगितली, आणि उज्वलाला पहिल्यांदाच वाटलं की हे सगळं नीट होणार.

७

नीट काही झालं नाही.

तीन लाख वीस हजार गोण्या परत कोठारात गेल्या. उरलेल्या ऐंशी हजार इतर लोकांनी सरळपणे विकत घेतल्या होत्या; त्या काढून घेता येत नव्हत्या. त्यांचे दीडच्या भावानं आलेले होन नामदेवकडं राहिले. पण नव्या भागानं मीठ अठरावर गेलं होतं आणि तेवढ्या होनांत सात हजार गोण्याही येत नव्हत्या. तेजसचा राजीनामा ‘वैयक्तिक कारणास्तव’ झाला. फसवणुकीची सूचना गुपचूप उतरवली गेली आणि तिच्या जागी दोन ओळी आल्या: तांत्रिक अडचणीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

“तांत्रिक?” उज्वला केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. “सर, लोक अजून काकांना चोर म्हणतायत. बाद केलं होतं ते सगळ्यांनी वाचलंय.”

“खातं उघडलं ना? मीठ दिलं ना? आमच्या माणसानं चोरी केली असं मी फळ्यावर लिहू? उद्या कोण खेळेल?”

“खरं सांगितलंत तर खेळतील.”

“उज्वला, विषय संपला.”

मंगळवारी नामदेवनी लोकांच्या तीन लाख दहा हजार गोण्या मोजून परत दिल्या. तुटीचा बोजा त्यांनी एकट्यानं घेतला. स्वतःच्या नव्वद हजारांतल्या दहा हजार उरल्या. लोक आले, मीठ घेतलं, वर चार शब्द सुनावून गेले. एकानंही पुन्हा ठेवलं नाही. उज्वलानं फोन केला तेव्हा ते शांत होते आणि तिला तेच जास्त लागलं.

“सगल्यांचा दिला, बाय. आता मोकला झालो. खेल बंद करतो.”

“तुम्ही काही केलं नव्हतं, काका.”

“ते तुमाला ठाव, मना ठाव. त्यांना कोन सांगनार?”

बुधवारी दुपारी तीन वाजता उज्वलानं रोजच्यासारखं बाजारभावाचं पत्रक लिहायला घेतलं. ते रोज तिच्याच नावानं फळ्यावर लागायचं. लाकूड सात, दोर चार, हळद सहा, मीठ अठरा. मग ती थांबली. उठून पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि मिठाच्या पुढं लिहू लागली.

‘गेल्या गुरुवारी चार लाख गोण्या मीठ विकलं गेलं. ते नामदेव कोठारवाल्यांनी विकलं नव्हतं. कंपनीच्या एका माणसानं त्यांचं खातं चोरून वापरलं होतं. कंपनीनं चौकशी न करता त्यांना बाद केलं, ही कंपनीची चूक. नामदेवनी सगळ्यांचं मीठ परत केलं आणि ऐंशी हजार गोण्यांचं नुकसान एकट्यानं सोसलं. ज्यांनी त्यांना चोर म्हटलं त्यांना हे कळावं म्हणून लिहिलं. उज्वला शेडगे, बाजार विभाग.’

तिनं बटण दाबलं. सात मिनिटांत कुंदनचा फोन आला. तिनं उचलला नाही. पंधराव्या मिनिटाला तिचा पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं आली: आपला प्रवेश बंद करण्यात आला आहे.

ती तशीच बसून राहिली. पलीकडून सोनल आणि जागृती तिच्याकडं बघत होत्या. दोघींपैकी कोणी जवळ आलं नाही. बाजार आता तिला दिसत नव्हता. लोकांनी वाचलं की नाही, पत्रक फळ्यावर राहिलं की उतरवलं, काहीच कळायला मार्ग नव्हता.

डबा, वही, ओढणी पिशवीत भरत असताना फोन वाजला. नामदेव होते.

“बाय, कुठं हाव?”

“ऑफिसात. निघतेय. बहुतेक कायमची.”

“बंदरात बगा ना जरा.”

“मला दिसत नाही, काका. मला बंद केलंय.”

मागून मालतीबाईंचा आवाज येत होता. सांगा की, सांगा की.

“मंग मी सांगतो,” नामदेव म्हणाले. “कोठारासमोर रांग हाय. पयला जो उभा हाय ना, तो काल मना लय वाईट बोलला व्हता. पन्नास गोनी घेऊन आलाय, ठेवा म्हनतो. त्याच्या मागं दुसरा. त्याच्या मागं... थांबा, मोजतो.”

उज्वला पिशवी खांद्याला लावून खुर्चीवर परत बसली आणि ते मोजत होते ते ऐकत राहिली. एकतीस, बत्तीस, तेहतीस.